गादीखालची भेग

मित्रांनो, मी बंदुकीचा एक जुना चामडी पट्टा आहे. सांगायला बसलोय खरा, पण माझा थरकाप अजून गेलेला नाही.

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, डोंगरातल्या एका मेंढवाडीवर मी घडलो. डुगल मॅकरेच्या वडिलांनी घोड्याच्या जुन्या साजातून मला कापलं आणि स्वतः टाके घातले. पुढे चाळीस वर्षं मी डुगलच्या खांद्यावरून हरणांमागे रानोमाळ हिंडलो. दर हिवाळ्याआधी तो मला मेंढीची चरबी चोळायचा आणि येईल त्याला दाखवायचा, "बघा, कसा चकाकतोय!" मी फुशारून जायचो. चरबी फक्त वरच्या अंगाला लागते आणि आतलं अंग कोरडं पडून चिरत चाललंय, हे एकट्या मला ठाऊक होतं. पण कौतुक कोणाला नको असतं?

डुगल गावच्या शिकारमंडळात नवख्यांना बंदूक बाळगायला शिकवायचा. त्याची मुलगी कर्स्टीसुद्धा त्याच्याच हाताखाली तयार झाली. हल्ली मी ओल्या कोटावरून सारखा घसरायचो आणि डुगलचा खांदा भरून यायचा. म्हणून कर्स्टी त्याला ओढतच गावातल्या नायरीच्या शिकारसामानाच्या दुकानात घेऊन गेली. तिथे पट्ट्यावर चढवायची रबरी गादी होती.

"एवढ्याशा रबराला पंचेचाळीस डॉलर?" डुगल उडालाच. "काय सोनं भरलंय का आत?"

"बाबा, रात्रभर कण्हतोस. घे ना!"

नायरी म्हणाली, "गादी चांगली आहे, घसरणार नाही. पण आधी तो पट्टा काढ, उलटा दुमडून बघू. पट्टाच गेला असेल तर गादी काय कामाची?"

"माझ्या बापाच्या हातचा आहे तो! तुझं दुकान पडेल, हा तुटायचा नाही. दे बाई ती गादी, नाहीतर ही पोरगी घरापर्यंत माझं डोकं खाईल."

गादी घेतली. मला दुमडून कोणीच पाहिलं नाही. गादी नेमकी माझ्या भेगेवर चढली आणि मलाही हायसं वाटलं. लाज झाकली गेली ना!

पुढच्याच आठवड्यात दोघं रानात गेली. कर्स्टी पुढे, डुगल मागे.

"कशी आहे गादी?" तिने विचारलं.

"झकास. पण नायरीला सांगू नकोस हं!"

एवढं बोलून त्याने ओढ्यावरून उडी मारली. हिसका बसला आणि मी तटकन तुटलो. बंदूक खडकावर आदळली आणि, अरे देवा, चक्क उडाली!

कर्स्टी तोंडावर पडली. तिच्या पाठीवरून काहीतरी गरम ओघळत होतं. डुगल किंचाळत धावला, त्याने तिची पिशवी ओरबाडून काढली. तो चहा होता. गोळी पिशवीतला थर्मास फोडून गेली होती. बोटभर इकडे लागती तर?

कर्स्टी उठून बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"बाबा, आत गोळी होती?"

"होती... पण उडू नये म्हणून मागचा बोल्ट अर्धाच बंद केला होता गं... हरीण दिसलं तर वेळ जायला नको म्हणून... आम्ही जुने सगळे असंच..."

"वर्गात असं करणाऱ्याला तू घरी पाठवतोस."

मला तर धक्काच बसला. चाळीस वर्षं मी भरलेली बंदूक वाहत होतो, आणि त्यात काही वावगं आहे हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं!

मंडळाच्या पुढच्या वर्गात त्याने माझे दोन तुकडे टेबलावर ठेवले. "पट्ट्याने दगा दिला म्हणायचं," कोणीतरी हळहळलं.

"पट्टा तुटला म्हणून बंदूक पडली," डुगल म्हणाला. "उडाली ती माझ्यामुळे."

मित्रांनो, नवं काही घेण्याआधी जवळचं जुनं एकदा उलटून बघा. भेग दिसली तर झाकू नका. आणि पट्टा कितीही भरवशाचा असो, बंदुकीत गोळी ठेवून कोणाच्या मागे चालू नका. कर्स्टी बापाबरोबर अजूनही रानात जाते, पण आता त्याला पुढे घालते आणि आपण मागून चालते.