पांघरुणाखालचा पंखा

मी एका जुन्या कॉम्प्युटरच्या पोटातला पंखा आहे. छताचे पंखे मला पंख्यात धरत नाहीत. त्यांच्याखाली माणसं झोपतात, माझ्याखाली प्रोसेसर बसतो. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. विचार करायला लागला की तो तापतो. माणसांचंही असंच होतं म्हणतात. माझ्या पाहण्यात फारसं आलेलं नाही. त्याच्या डोक्यावर पातळ पात्यांचा एक धातूचा ठोकळा असतो आणि दोघांच्या मध्ये करड्या पेस्टचा थर. ठोकळ्यानं उष्णता वर ओढायची, मी ती वाऱ्यानं हाकलायची. एवढंच माझं शिक्षण.

कारखान्यात तपासणीच्या बाईंनी मला कानाशी धरून फिरवलं आणि म्हणाल्या, "गुणी आहे. आवाज नाही." पुढे मी एका निवृत्त मास्तरांच्या घरी आलो. पहिली पाच वर्षं मी या घरात आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मित्रांनो, आमच्या धंद्यात याहून मोठी स्तुती नसते.

मास्तरांच्या पत्नीला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणते. त्या कॉम्प्युटरवर रोज फडकं फिरवत. बाहेरून डबा चकचकीत होता. आत मात्र टेबलाखालची धूळ ठोकळ्याच्या पात्यांत साचून तिचा जाड थर झाला, पेस्ट वाळून खडू झाली. वारा तेवढाच मिळावा म्हणून मला दुप्पट धावावं लागे. मी घरघरू लागलो. ती माझी तक्रार होती. घरच्यांना तो माझा स्वभाव वाटला.

अशातच डॉक्टरांनी मास्तरांच्या घशाचं ऑपरेशन सांगितलं. जीव वाचेल, आवाज जाईल. हातात तीन आठवडे होते. मास्तरांची मुलगी दूर राहायची आणि तिला दिवस गेले होते. ती लहान असताना मास्तरांनी तिच्यासाठी पत्रं वाटणाऱ्या अस्वलाच्या सात गोष्टी रचल्या होत्या. त्या कागदावर कधी आल्याच नाहीत, तोंडीच राहिल्या.

"नातवंडानं मला निदान ऐकायला तरी हवं," मास्तर म्हणाले आणि माईक घेऊन बसले. घसा दुखे म्हणून दिवसाआड एकच गोष्ट.

पहिली गोष्ट ऐकून मुलीचा फोन आला. "बाबा, गोष्ट झकास. पण मागे पिठाची गिरणी कशाला लावलीय?"

"गिरणी नाही गं, आपला कॉम्प्युटर. म्हातारा झालाय, धापा टाकतो."

"मग सेटिंगमध्ये जाऊन पंख्याचा वेग कमी करा ना! थांबा, सांगते कसं ते."

तिनं सांगितलं, मास्तरांनी केलं. मला धावायचं होतं, पण आता वरून हुकूम होता. तरी थोडी घरघर उरलीच. तेव्हा मास्तरीणबाई पुढे झाल्या.

"अहो, बाळाच्या दुपट्याचं कापड उरलंय. कापूस घालून ह्यालाही एक पांघरूण शिवते. आवाज आतल्या आत राहील."

"शीव. झालरही लाव, पहिलंच बाळंतपण आहे त्याचं."

त्यांनी खरोखरच झालर लावली. पिवळ्या बदकांच्या त्या पांघरुणाखाली वारा आत यायची वाट बंद आणि जायचीही. यात कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं, हेच तर वाईट. सहा गोष्टी कशाबशा पार पडल्या. मी त्यातल्या एखाद्या दिवशी सरळ अडकून बसलो असतो, तर कुणीतरी आत डोकावलं असतं. पण मी गुणी ठरलेला. मी ओढत राहिलो.

सातवी गोष्ट दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी होती. पिशवी भरून दाराशी ठेवलेली, रिक्षा अकराला येणार. मास्तर डोळे मिटून गोष्ट सांगत. अर्ध्यावर आले असतील, आणि प्रोसेसर शंभर अंशांच्या घरात पोचला. स्वतःचा जीव वाचवायला त्यानं सगळंच बंद केलं. मीही थांबलो.

खोलीत शांतता पसरली. दारात उभ्या मास्तरीणबाईंचा चेहरा उजळला. आपलं पांघरूण लागू पडलं, असं त्यांना वाटलं. मास्तरांनी डोळे मिटूनच मान डोलावली आणि पुढची पंधरा मिनिटं, इतक्या वर्षांत सांगितली नव्हती इतकी छान, ती गोष्ट एका बंद डब्याला सांगितली.

डोळे उघडले तेव्हा पडदा काळा होता. गोष्ट कुठेच साठवली गेली नव्हती. "पुन्हा सांगतो," म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तर नुसती खरखर आली. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला.

आठवड्यानं दुरुस्तीवाली मुलगी आली. पांघरूण उचलून म्हणाली, "काकू, ह्याला थंडी वाजत होती का?" मग आत पाहिलं आणि तिचं हसू गेलं. ब्रशनं धूळ काढली, वाळकी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावली, माझा वेग मोकळा केला. पंधरा मिनिटांचं काम. मी पुन्हा कुणालाही ऐकू येईनासा झालो. मास्तरीणबाईंनी बदकांची झालर उसवायला घेतली.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझे भाऊबंद असतील. त्यातला एखादा कुरकुरू लागला, तर त्याचं तोंड बांधण्याआधी त्याला काय झालंय ते पाहा. वर्षातून एकदा उघडा, धूळ झटका, वारा मोकळा ठेवा. आम्ही उगीच ओरडत नाही. ओरडून काही मिळतं, असा आम्हाला अनुभव नाही.

परवा मास्तरीणबाई माईकसमोर बसल्या. सातवी गोष्ट त्यांनी वर्षानुवर्षं स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलेली. शेजारी मास्तर, गळ्याला पट्टी, हातात पेन्सिल. बाई चुकल्या की टेबलावर टक्. पत्रं घेऊन जाताना अस्वल मोठ्यानं शिंकतं, तिथवर गोष्ट आली आणि त्या अडखळल्या. दोनदा शिंकून पाहिलं.

"नाही हो, हे तुमचंच," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. मग बाईंनी तिथं चार सेकंद मोकळे सोडले आणि गोष्ट पुढे नेली. त्या चार सेकंदांत मी जमेल तितका हळू फिरलो.