कूमाला धाडलेलं आमंत्रण

लोक म्हणत, महायुद्ध सारायेवोतल्या एका गोळीनं पेटलं. शाबात्सचा म्हातारा मिलिसाव मान हलवायचा. "गोळी नंतरची हो. आधी आमची डुकरं अडवली!"

आणि मग त्याला सावा नदीपलीकडचा ग्लिगोरिये आठवायचा. पलीकडे सम्राटाचं राज्य, अलीकडे सर्बियाच्या राजाचं. बोली मात्र एकच. मिलिसावच्या पोरांची नावं ग्लिगोरियेनं ठेवली होती. असं नाव ठेवणारा तो कूम, सख्ख्या भावाहून जवळचा; त्याची बायको ती कूमा. घरच्या संताच्या सणाला, निकोलाच्या दिवशी, तो होडीनं यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "डुकरांचा व्यापारी, आणि ताटात मासा! लाज वाटू दे!" सण पडायचा नाताळाआधीच्या उपासात; मांस वर्ज्य, मासा तेवढा चालायचा. दुसरं वाढणार काय? पण काय दिवस होते ते!

या सणाला कुणी कुणाला बोलावत नाही. आपलं माणूस आपणहून येतं. बोलावणं आलं की समजायचं, आपण परके झालो.

१९०६ साली सम्राटाच्या सरकारनं रोगाचं निमित्त काढून सर्बियाच्या डुकरांना सीमा बंद केली. पलीकडच्या नाक्यावर जकातदार होता ग्लिगोरियेच. त्यानं मिलिसावची चाळीस डुकरं परत फिरवली.

"कूम, माझ्या हातात काही नाही रे."

"हातात नसेल, डोक्यावर आहे ना! सम्राटाची टोपी!"

घरी येऊन मिलिसावनं रागाच्या भरात त्याला लेखी आमंत्रण धाडलं: 'सणास येण्याची कृपा करावी.' मिलिसावची बायको सावका हिनं कपाळावर हात मारला. "अहो, कूमाला बोलावणं? त्यापेक्षा थोबाडीत मारायची होती."

ग्लिगोरिये आला नाही. पुढं सम्राटानं बोस्निया गिळला, इकडं गावोगाव पोरं बंदुका चालवायला शिकली, आणि दर वर्षी मिलिसाव म्हणे, पुढच्या सणाला बघू. मग एका उन्हाळ्यात नदीपलीकडून तोफा धडधडल्या. ग्लिगोरियेनं नाव ठेवलेला धाकटा त्यातच गेला.

१९१८च्या अखेरीस दोन्ही काठ एकाच राज्यात आले. निकोलाच्या दिवशी मिलिसाव सकाळपासून खिडकीशी बसून होता.

"निरोप धाडू का पलीकडं?" सावकानं विचारलं.

"धाडला तर पुन्हा बोलावणंच होईल."

दुपारी दार वाजलं. दारात ग्लिगोरियेची बायको पेर्सिदा, काळ्या रुमालात. तो दोन वर्षांपूर्वी तापानं गेला होता. तिनं घड्यांवर फाटत आलेला कागद टेबलावर ठेवला.

"दर वर्षी या दिवशी नवा कोट घालून काठावर उभे राहायचे. म्हणायचे, हे आमंत्रण घेऊन गेलो तर पाहुणा ठरेन. मिलिसावनं ते परत मागितलं की जाईन."

मिलिसावनं तो कागद चुलीत घातला आणि तिला कूमाच्या खुर्चीवर बसवलं. सावकानं वाढलं. पेर्सिदा ताटाकडं बघत राहिली.

"डुकरांचा व्यापारी," ती हलकेच म्हणाली, "आणि ताटात मासा. लाज वाटू दे."

"वाटते, कूमा," मिलिसाव म्हणाला. "फार वाटते."