पिठातलं पाखरू

आमच्याकडं माणूस गेलं की त्याच्या जागेवर दिवा लावतात, भोवती तांदळाचं पीठ पसरतात नि वर टोपली एका बाजूनं विटेवर टेकवतात. सकाळी पिठात ज्याची खूण दिसंल, त्या जन्माला ते माणूस गेलं. माझ्या लेकीची, भूमिकाची टोपली मीच उचलली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाय.

ती वाशिंदला कंपनीत कामाला जायची. त्या दिवशी भाताची लावणी सोडून निघाली म्हणून माझं डोकं फिरलं. तिच्या पुढ्यातलं ताट मी वढलं. "शेतात पाय टाकायला नको, नि गिळायला बरी येतेस गो!" ती तशीच उठली नि निघाली. खर्डीच्या रस्त्यावर टेम्पोनं उडवली तिला. पोटात अन्नाचा कण नव्हता, असं दवाखान्याच्या कागदावर लिवून आलं. जळो माझी जीभ!

पिठात पावलं नव्हती. पंख घासल्याची रुंद खूण होती, नि टोपलीच्या आत दोन तळहातांएवढं तांबडं पाखरू बसलं होतं.

"फुलपाखरू झाली गो गिरजे," माझे चुलत सासरे धाऊबाबा म्हणाले. "फुलाफुलावर जेवंल आता."

मला रडूच फुटलं. पाखरू भिंतीवर जाऊन बसलं, तिथं मी गुळाच्या पाण्याची वाटी धरली. दुसऱ्या दिवशी धरली, तिसऱ्या दिवशी धरली. ते ढिम्म.

चौथ्या दिवशी भाचा प्रणय आला. तो माहुलीच्या रानात पर्यटकांना फुलपाखरं दाखवतो.

"मामी, हे फुलपाखरू नाय, पतंग हाय. घाणेरीच्या फुलांवर नीलवंत फुलपाखरू येतं ना, त्याचं आंग बारीक, मिशा काडीसारख्या, टोकाला गाठ. याचं आंग बघ, जाड नि केसाळ. मिशा पिसासारख्या."

"असंना का पतंग! खातं काय ते सांग."

त्यानं गुळाच्या पाण्याची वाटी उचलून बाजूला ठेवली.

"सांग रे मेल्या!"

"नीलवंताला सोंड असते, मध पितं. याला खायला तोंडच नाय, मामी. अळी असताना खाल्लं तेवढंच. आठवडाभर जगतं."

धाऊबाबा म्हणाले, दहाव्याला पिंड ठेवू, कावळा शिवला की सुटली. मी म्हटलं, कावळ्याचं पोट भरून माझ्या लेकीचं भरतं काय?

आज सातवा दिवस. पंखांच्या कडा फाटल्यात, पाखरू भिंतीवरून खाली पडलंय. मी गरम भाकर केली नि ताट घेऊन त्याच्यासमोर बसलेय. पोर माझ्याच घरातून दुसऱ्यांदा उपाशी चाललीय, नि या टायमाला ताट मी वढलेलं पण नाय.