बिनभुणभुणीची गिटार

माहा पोरगा जीवन घरात आला का चप्पल सोडाच्या आधी घड्याळ पाह्यते. अकोल्याहून बडनेरा काही विलायत नाही. पण हा महिन्यातून एकदा येते, अर्धा कप चहा पेते अन् जाता जाता घरातली एखादी वस्तू सुधरवून जाते. एकदा नळ बदलला. एकदा माही लोखंडी कढई भंगारात देऊन बिनचिकट आणली, तिच्यात फोडणीले वासच येत नाही. ह्या खेपेले त्यानं बापाच्या गिटारीले हात लावला.

आमचे हे, देवानंद, रेल्वेत होते. ड्युटी सुटली का लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. अमरावती, अकोला, कुठूनबी बोलावणं ये. गिटार बिजलीची, जुन्या घाटणीची, दोन शिंगांची, पांढरा रंग पिवळा पडलेला. वाजवाच्या तारांखाली तीन पट्ट्या, त्याले पिकप म्हणतात. आत लोहचुंबक, अन् त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पट्टीनं थरथर पकडायची अन् स्पीकरच्या पेटीनं ती मोठ्यानं सांगायची, एवढंच काम.

मी चौथीलोक शिकली, पण चांदूर बाजारात माह्या बापाचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारीत तांब्याची तार भरता भरताच मोठी झाली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गिटारीची मधली पट्टी मेली अन् ह्यांचं तोंड उतरलं. मी म्हटलं, "आणा इकडं. मोटारीची धाकटी बहीणच हाये ही." तार दोनदा तुटली. तिसऱ्यांदा चिमटीत धरून भरली. वेढे मोजता मोजता दूधवाला आला, आकडा इसरली, बाकीचे अंदाजानं भरले. ह्यांनी वाजवून पाह्यलं अन् म्हणाले, "सुभद्रा, आता ही गाते."

गाये खरी, पण भुणभुणेबी. पेटी चालू केली का हात न लावता गांधीलमाशीवानी आवाज सुरू. अशा जुन्या पट्ट्यांचा तो गुणच. एका दिशेले तोंड केलं का कमी होये, दुसरीकडं वळलं का वाढे. हे रोज स्वयंपाकघराकडं तोंड करून बसत. मले वाटे, माह्याकडं पाहून वाजवतात. वीस वर्षांनी इचारलं, त म्हणाले, "इकडं भुणभुण कमी येते." त्या दिवशी मी पोळ्या मुद्दाम जाळल्या.

चाळीस वर्षं मी बोंबलली, का ह्या भुणभुणीनं माहं डोकं फिरते. जीवननं तेच ऐकलं.

हे गेले अन् घर असं चूप झालं का भिंतीवरची पाल चालली तरी ऐकू ये. एका दुपारी जेवण झाल्यावर मी पेटी चालू केली. गिटार त्यांच्या खुर्चीवर ठेवली अन् जास्त आवाज येईन त्या बाजूले वळवली. वाजवणारा कोणी नाही, पण आता वाजवतीन असं वाटे. तेवढ्यात माही भांडी होत, तांदूळ निवडून होत. अशा किती दुपारी काढल्या. कोणाले सांगतलं नाही.

वर्षश्राद्धाच्या आधी जीवन गिटार घेऊन गेला अन् आठ दिवसांनी चकाचक करून आणली. "आई, पट्ट्याच बदलल्या. बिनभुणभुणीच्या!"

तो गेल्यावर पेटी लावली. लाल दिवा लागला, आवाज काहीच नाही. बटण शेवटलोक फिरवलं. गिटार खुर्चीवर असूनबी खुर्ची रिकामी दिसली.

दुसऱ्या दिवशी गिटार खांद्याले मारली अन् गाडीत बसली. अकोल्याले जठारपेठेत गजेंद्र नावाच्या मिस्त्र्याचं दुकान हाये, काम त्यानंच केलं होतं.

"जुन्या पट्ट्या कुठी हायेत?" मी इचारलं.

"काहून मावशी?"

"फेकल्या असतीन त आधी सांग. मंग काहून ते सांगते."

त्यानं बिस्किटाचा डबा काढला. मधली पट्टी उजेडात धरून म्हणे, "ही कोणी भरली? मशीनची नाही. वेढे कसेबी पडले, म्हणूनच आवाज मोकळा हाये. ह्या आवाजासाठी पोट्टे तरसतात."

"कसेबी नाही पडले. मी भरले."

त्यानं माह्याकडं पाह्यलं अन् स्टूल पुढं सरकवलं. तिन्ही पट्ट्या परत बसवल्या. तारा जोडाचे कथलाचे डाग मीच दिले.

तिथून रिक्षा करून जीवनच्या घरी. दार त्यानंच उघडलं.

"आई? फोन त कराचा!"

"जुन्या पट्ट्या परत बसवल्या."

"अवं, पण ती भुणभुण! तूच त म्हणे..."

"म्हणे. तुह्या बापाले म्हणे. तू मधात कायले ऐकलं?"

तो कावराबावरा झाला. "मंग मले सांगाचं होतं."

"सांगण्याइतका तू बसला कधी?"

त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली. सवयच ती. माह्या ध्यानात आलं हे त्याच्याबी ध्यानात आलं, अन् त्यानं मान खाली घातली. मी गिटार खांद्यावरून उतरवली नाही. उंबऱ्यातूनच म्हटलं,

"जीवन, पाव्हण्यानं दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूले हात लावू नाही, अन् तू पाव्हणा झाला. आठ दिवस राहाले ये. दुपारी माह्याजवळ बस, ती भुणभुण ऐक. मंग त्या घरात काय बिघडलं हाये ते मी तुले सांगीन."