पन्हळीखालची वाट

मित्रांनो, मी बर्फ फोडायची एक जुनी पहार आहे, आणि आधीच सांगते, मी चिडलेली आहे. चिडलेल्यांची गोष्ट लोक अर्ध्यावर सोडून उठतात. तुम्ही तेवढे उठू नका.

अमेरिकेत सुपीरियर सरोवराजवळ हॅनकॉक नावाचे चढावरचे गाव आहे. तिथे ऑक्टोबरात आलेले हिम एप्रिलपर्यंत मुक्कामाला असते. नुकते पडलेले हिम पिठासारखे असते. ते फावड्याने उचलता येते. पण तेच वितळून पुन्हा गोठले की त्याचा दगड होतो, आणि फावडे त्यावरून नुसते घसरत जाते. तिथून पुढचे काम माझे.

वाइनो कांगस रस्ते मोकळे करणाऱ्या गाड्यांच्या दुरुस्तीखान्यात कामाला होता. अशाच एका गाडीचे हिम ढकलणारे पाते झिजून निकामी झाले. त्यातला तळहातापेक्षा थोडा मोठा तुकडा कापून, तापवून, ठोकून त्याने मला घडवले. वर ॲश झाडाच्या लाकडाचा दांडा बसवला. दांड्याचे माप त्याने स्वतःचे नाही, बायकोचे घेतले. हिवाळाभर तो पहाटेच गाडी घेऊन बाहेर पडायचा, आणि घरापुढची वाट हेल्मीच मोकळी करायची.

“मधोमध मारू नकोस,” त्याने पहिल्याच दिवशी तिला सांगितले. “कडेपासून सुरुवात कर. हिला उचल आणि सोड. जोर हिचा हीच लावेल. फट पडली की खाली सरकव आणि वर उचल.”

“म्हणजे धिरडं उलथतात तसं,” हेल्मी म्हणाली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची.

“तसंच. फक्त हे खायचं नाही.”

हेल्मीचा हात लवकरच बसला. ताटाएवढ्या लाद्या ती सहज सुट्ट्या करायची आणि पायाने बाजूला लोटायची. काम झाले की माझे पाते पुसायची, जवसाच्या तेलाचे फडके दांड्यावरून फिरवायची आणि मला ओसरीत खिळ्याला टांगायची. तेवीस हिवाळे आम्ही अशी वाट राखली. त्या वाटेवर एकही माणूस पडला नाही. टपाल वाटणारी रेने बोशाँ तर म्हणायची, “हेल्मी, या अख्ख्या रस्त्यावर मी पायांकडे न बघता चालते ती फक्त तुझ्या दारापुढे.” असे कोणी म्हटले की मला दिवसभर पुरायचे.

वाइनो एका उन्हाळ्यात गेला. हेल्मीने त्याचा कोट कोणाला तरी देऊन टाकला. मला मात्र खिळ्यावरच ठेवले.

त्यानंतर वरच्या बाजूचे घर डेल ट्रेव्हॅरो नावाच्या माणसाने घेतले. माणूस वाईट नव्हता. पहिल्याच आठवड्यात मांस-बटाट्याची गरम पेस्टी घेऊन आला. हेल्मीचे कुंपण न सांगता दुरुस्त करून गेला. मग त्याने आपल्या छपराला नवी पन्हळ लावली आणि पन्हळीचा पाइप खाली सोडला तो नेमका हेल्मीच्या बाजूला.

मित्रांनो, आता नीट ऐका, कारण माझ्या चिडण्याचे मूळ इथे आहे. दुपारी ऊन पडले की डेलच्या छपरावरचे हिम वितळायचे. पाणी पाइपातून उतरायचे आणि हेल्मीच्या वाटेवर पसरायचे. ऊन कलले की तिथेच गोठायचे. सकाळी आम्ही ते फोडायचो, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर. फोडलेला बर्फ परत येतो याचे मला वाईट वाटत नाही, तो माझा धंदाच आहे. पण हा बर्फ आकाशातून येत नव्हता. तो एका पाइपातून येत होता, आणि पाइप वळवता येतो.

हेल्मीला हे दिसत होते. तरी ती बोलली नाही. ती ज्या माणसांत वाढली त्यांना तक्रार करणे म्हणजे उघड्या अंगाने दारात उभे राहण्यासारखे वाटते. डेल गाडी काढताना हात करायचा, “गुड मॉर्निंग, मिसेस कांगस. काय हो तुमची मेहनत!” आणि ती म्हणायची, “गुड मॉर्निंग, डेल.” संपले बोलणे. मग सगळा राग ती माझ्यावर काढायची, म्हणजे मधोमध मारायची. कडेपासून सुरुवात करायचे विसरून जायची. दोन हिवाळे असे गेले. तिचा उजवा खांदा दुखू लागला, आणि माझ्या दांड्याला चीर गेली.

तिसऱ्या हिवाळ्यात डेल मला मागायला आला. त्याच्या गॅरेजचे दार बर्फात रुतले होते. हेल्मीने मला दिले. डेलने माझ्या पात्याने दाराखालचा बर्फ फोडला, ठीक. मग त्याच पात्याने बिजागरीचा गंजलेला खिळा उपटला. माझ्या धारेला खाच पडली. नंतर मला भिंतीला टेकवून तो आत गेला आणि विसरला. मी तिथेच उभी राहिले, मिठाच्या फुटक्या पिशवीशेजारी, सात आठवडे. मीठ लोखंडाला काय करते ते तुम्हाला माहीत असेलच.

रेने दोनदा घसरली, पण सावरली. तिने हेल्मीला विचारले, “तुझी पहार कुठे गेली?”

“शेजारी आहे.”

“मग मागून आण ना.”

“आणून देईल तो.”

“हेल्मी, मार्चअखेर मी रिटायर होतेय. तोवर माझी हाडं जागेवर राहू देत.”

हेल्मी त्या दिवशी माझ्यासाठी निघाली होती. मी तिला पाहिले. कोट घालून ती कुंपणापर्यंत आली, थोडा वेळ उभी राहिली आणि परत फिरली. मग तिने सौनाच्या, म्हणजे परसातल्या वाफेच्या न्हाणीच्या, चुलीतली राख आणून वाटेवर पसरली. दुपारी पाइपातून पाणी आले आणि राखेवरून वाहत गेले.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी रेने पडली. मी वीस पावलांवर भिंतीला टेकून होते. ती हातावर पडली, आणि मनगट मोडल्याचा आवाज मला तिथपर्यंत ऐकू आला. पत्रे वाटभर पसरली. हेल्मी घोंगडी घेऊन धावली, डेल मोजे न घालताच धावला आणि आपल्या गाडीतून रेनेला दवाखान्यात घेऊन गेला. मी बर्फ फोडायची पहार, आणि मी सगळे नुसते बघत होते.

डेल परतला तेव्हा हेल्मी त्याच्या गॅरेजपाशी उभी होती. तिच्या हातात मी होते.

“तुमच्या वाटेवर मी सकाळीच मीठ टाकलं होतं,” तो म्हणाला.

“एवढ्या थंडीत मिठाचं काही चालत नाही.”

“मग मला सांगायचं तरी.”

“सांगायला हवं होतं,” ती म्हणाली. “उद्या सातला ये. हिवाळा संपेपर्यंत माझी वाट तू फोडायची.”

तो आला. पहिला घाव मधोमध घातला आणि कोपर धरून उभा राहिला. पायरीवरून कॉफी पीत हेल्मी एवढेच म्हणाली, “कडेपासून.” दुसऱ्या दिवशीही तो आला. तिसऱ्या दिवशी त्याने मला बर्फात रोवले आणि विचारले, “काल मी सगळा फोडला होता ना?”

“फोडलास.”

“मग हा कुठून आला?”

हेल्मीने हनुवटीने वर दाखवले. डेलने पाहिले. पाइपाच्या तोंडाशी बर्फाची जाड जीभ लोंबत होती.

“किती दिवस चाललंय हे?”

“हा तिसरा हिवाळा.”

“आणि तुम्ही रोज मला गुड मॉर्निंग म्हणत होतात?”

“सकाळ चांगलीच असायची,” हेल्मी म्हणाली. “वाट वाईट होती.”

त्या शनिवारी त्याने शिडी लावली, पाइपाचा वाकडा तुकडा काढला आणि तोंड स्वतःच्या परसाकडे वळवले. पाणी आता त्याच्या तळघराच्या भिंतीशी जाते, आणि तो त्याबद्दल कुरकुर करतो. करू दे. त्या कामाला चाळीस मिनिटे लागली. तीन हिवाळे, एक खांदा, एक मनगट, आणि काम चाळीस मिनिटांचे. माझी चिडचिड तुम्हाला आता तरी समजेल.

डेलने माझ्या पात्याचा गंज काढला, चिरेवर तार गुंडाळली. खाच फार खोल होती, ती राहिली. रेनेचे मनगट मात्र नीट जुळले नाही. तिचे नोकरीचे शेवटचे आठवडे घरातच गेले. पत्रे वाटत वाटत निवृत्त व्हायचे, दारोदारी निरोप घ्यायचा, असे तिने ठरवले होते. ते राहून गेले.

पुढच्या डिसेंबरात हेल्मीने तिला कॉफी आणि वेलदोड्याची गोड पोळी खायला बोलावले. वाट स्वच्छ होती, कोरडी होती, खालची फरशी दिसत होती. तरी रेने एकेक पाऊल आधी घासून बघत आली. पायांकडे बघत आली. हेल्मी दारात उभी राहून ते पाहत होती, आणि मी खिळ्यावरून.

मित्रांनो, अवजाराची काळजी घ्या, पाते पुसा, दांड्याला तेल द्या, मागून आणलेली वस्तू परत करा. हे सगळे कराच. पण एकच बर्फ रोज फोडावा लागत असेल, तर एकदा मान वर करून पाणी कुठून येते ते बघा, आणि ज्याचे पाणी असेल त्याच्या दारावर जाऊन सांगा. त्याच सकाळी सांगा. मला तीन हिवाळे सगळे दिसत होते, पण मी लोखंड आहे, मला तोंड नाही. तुम्हाला आहे.