माझ्यावर बोलणारी रहिमाबी

मी बोलतेय, आणि या वेळी मधे कोणी तोंड घालायचं नाही. मी कॅसेट. काळी, चपटी, पाठीवरचं लेबल अर्धं सोललेलं. आयुष्यभर माझ्यावर दुसरीच कोणी बोलत राहिली, म्हणून आधीच सांगून ठेवते.

माझ्या पोटात तीन सिनेमे आहेत, जपानातल्या एकाच दिग्दर्शकाचे. पुढे त्याचं म्हणे मोठं नाव झालं, देशोदेशी त्याच्यापायी वेडे झालेले लोक निघाले. माझ्यातले तीन मात्र त्याच्या उमेदवारीचे. एक गुंडांचा, एक भुताचा, एक पोलिसांचा. तिन्ही एकाच गोदामात घाईघाईत उरकलेले, आणि तिन्हींत नट एकच, भुवईवर व्रण असलेला. त्याला भिंतीकडे बघत उभं राहायची सवय. मारामारी लागली की कॅमेरा लांब जाऊन थांबायचा, शहाणा माणूस भांडणापासून लांब थांबतो तसा.

तेल्हाऱ्याच्या हुसेननं अकोल्याहून जुन्या कॅसेटचं गाठोडं आणलं, त्यात मी आले. जपानी म्हणजे कराटे, अशी त्याची समजूत. कापसातली सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यामागं, टिनाखाली त्याचं व्हिडिओ सेंटर होतं. एक टीव्ही, चार बाकडी, वर एक पंखा. कपाशी बुडून तिनं सगळ्यांना आडवं केलं होतं ती सालं. जिनिंग निम्मं वर्ष बंद, हाताला काम नाही, म्हणून दुपारी माणसं येऊन बसायची.

पहिल्याच दिवशी नट भिंतीकडे बघत उभा राहिला तो राहिलाच. सूर्यभान हमालानं टीव्हीवर फेकायला पायातली चप्पल काढली.

"काय पाहून राहिला बे हा? भितीवर पाल हाय काय?"

हुसेनची आई रहिमाबी दारात लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "पाल नाई. भावानं दगा देला त्याले. आता इचार करून राहिला, मारू का सोडू."

भाऊ? माझ्या पोटात भाऊच नाही. पण सूर्यभाननं चप्पल परत घातली. तेव्हापासून मी जळते.

टीव्हीशेजारी तिला स्टूल मिळालं. घरात सुनेनं चूल काढून घेतलेली, भाजीत मीठ किती हेसुद्धा तिला कोणी विचारत नव्हतं. इथं ती खाकरली की चारही बाकडी गप्प. तिला जगात तेवढी एकच जागा होती, आणि ती माझ्या उरावर होती.

हुसेनची एक खोड होती. सिनेमाची नावं लागली की तो मला पुढं पळवायचा. "नावं वाचाले कोन आलं इथं?" त्यामुळे एक सिनेमा कुठं संपला, दुसरा कुठं लागला, कोणाला कळलंच नाही. तोच नट, तेच गोदाम. रहिमाबीनं तिन्हींची एक गोष्ट केली. गुंड मेला, त्याचं भूत झालं, भुतानं तोबा केली, मग ते पोलीस होऊन पुन्हा जन्मलं.

"तुमच्यात हे पुन्हा जन्मनं चालते काय, बी?" कापूस वेचणाऱ्या भागीरथा मावशीनं विचारलं.

"आमच्यात नाई चालत. पन पाहाले तं तुमी येता ना."

आणि तो दगाबाज भाऊ? त्याचं काय झालं हे ती रोज उद्यावर टाकायची.

एकच गोष्ट तिनं खरी ओळखली. कोणी मरणार असलं की माझ्या दिग्दर्शकाच्या सिनेमात आधी खोलीतला पंखा थांबतो. लोक ओरडायचे, "लाइन गेली." ती म्हणायची, "लाइन नाई गेली. कोनाचा तरी नंबर लागला."

मग दिवाळीच्या सुट्टीत गावातल्या देवमनचा पोरगा नागसेन आला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकणारा. तिथल्या सिनेमावेड्या पोरांत त्याला माझ्या दिग्दर्शकाचा नाद लागला होता. मला दोन्ही हातांनी धरणारा तो पहिला माणूस. भरल्या बाकड्यांसमोर तो म्हणाला, "चाची, हा एक शिनेमा नाई, तीन हायेत. आन भाऊगिऊ कोनी नाई यात. खाली इंग्रजीत सारं लिवून येते."

"लिवलं तेच खरं काय?"

"मंग काय तुमच्या मनचं खरं?"

रहिमाबीनं हातातली लसणाची पाकळी सुपात टाकली. "बरं. उद्या तू सांग. लोकाईले तुहं खरं वाटलं, तं मी या सेंटरात पुन्यांदा तोंड उघडनार नाई."

"अम्मा, काहून पैज लावून राहिली?" हुसेन म्हणाला.

"तू तुही मशीन पाय."

दुसऱ्या दिवशी नागसेननं नावंसुद्धा पळवू दिली नाहीत. शब्द न् शब्द खरा सांगितला. मी सुखावले होते, खोटं कशाला बोलू.

पहिला संपला. भागीरथा म्हणाली, "आता हा भूत होते."

"नाई मावशी. हा मेला, संपला. पुढचा दुसरा मानूस हाय."

"आन पोलीस?"

"तो तिसरा."

"म्हंजे मेलेला वापस येतच नाई."

"नाई."

मग सूर्यभान पायाकडे बघत म्हणाला, "पोरगं खरं बोलून राहिलं, बी."

रहिमाबी उठली. स्टूल स्वतः उचलून कोपऱ्यात ठेवलं, सूप काखेत घेतलं आणि गेली.

चार दिवसांनी नागसेनही अकोल्याला गेला. मागं मी, खरी न् एकटी. नट भिंतीकडे बघायला लागला की लोक चपला शोधायचे, मारायला नाही, घरी जायला. ते जायचे रहिमाबीच्या ओट्यावर. तिथं ती माझ्याशिवाय माझीच गोष्ट सांगायची.

हुसेन तिला आणायला गेला. "खाली लिवलेलं हाय ना," ती म्हणाली, "वाचा म्हना."

एका दुपारी रिकाम्या बाकड्यांसमोर हुसेननं बटण दाबलं. सेंटरातला पंखा हळूहळू थांबला. माझ्या दिग्दर्शकाचा नियम मला पाठ. कोणाचा नंबर लागला, हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

सेंटरला कुलूप लागलं, आता मी हुसेनच्या खाटेखालच्या पेटीत. फितीला पांढरी बुरशी चढली आहे. नागसेन मला मागायला आला होता. हुसेन म्हणाला, "चुलीत घालीन, तुले देनार नाई."

ओट्यावर ती अजून बोलते. पेटीचं झाकण जड, आवाज येतो, शब्द कळत नाहीत.

कोणी मला पुन्हा लावणार असाल तर नागसेनला बोलवू नका. तो खरा आहे, त्याच्या खऱ्याला मी काय करू? कोपऱ्यातलं स्टूल आणा, म्हातारीचे पाय धरा, तिला बसवा. मी तिला माफ केलेलं नाही. पण त्या भावाचं पुढं काय झालं, ते मलाही माहीत नाही.