तुळईवरची फुली

बायको विहिरीत पडल्याचं सुताराला कळलं, तेव्हा त्याच्या हातात रंधा होता. लोहाराची बायको बांधावरून ओरडत आली, "भाऊजी, पळा! विहिरीची तुळई मोडली!" कोण पडलं हे तिनं सांगितलंच नाही. सांगायची गरजही नव्हती. मघाशीच त्याची बायको घागर घेऊन बाहेर पडली होती, आणि जाता जाता म्हणाली होती, "तो भुसा झाडा दाढीतला, जरा माणसात या."

पावसाचा टिपूस पडून कैक महिने झाले होते. ढेकळं भाजल्यासारखी लाल झालेली, विहिरीचं पाणी पार तळाला गेलेलं. गुडघाभर पाणी आणि खाली नुसता खडक. तिला वर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं. लोक तिच्याभोवती जमले. सुतार मात्र मोडक्या तुळईपाशी उकिडवा बसला. लाकूड आतून काळं पडलेलं, बोटानं चोळलं तर भुगा होणारं. आणि टोकाला त्याच्या जाड पेन्सिलीची फुली.

बदलायच्या लाकडावर तो फुली मारायचा. ही खूण त्याची एकट्याची. थंडीत त्यानं तुळईला पटाशी टोचून पाहिली होती, ती दोन बोटं आत गेली. त्यानं फुली मारली. लोहार तेव्हा शेजारीच उभा होता. मग एका बैलगाडीचं काम आलं आणि तुळई मागं पडली. बायकोनं दोनदा विचारलंही.

"अहो, विहिरीवरची ती फुली तुमचीच ना?"

"माझीच. एवढी गाडी हातावेगळी होऊ दे. तोवर तग धरेल."

नवऱ्याला माहीत आहे म्हणजे आपल्याला घोर नाही, असं ती समजली. आणि रोज त्याच तुळईवर पाय देऊन पाणी ओढत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिचा धाकटा भाऊ येणार असा निरोप आला. पोरगा तापट. गावात वयानं वडील म्हणून आप्पांनी चार माणसं ओट्यावर बसवली.

"तो विचारणार, चूक कुणाची. एकाचं नाव घेतलं की त्याच्या नरडीला हात घालेल. तेव्हा नाव घ्यायचं नाही. म्हणायचं, आमची सगळ्यांची चूक."

"सगळ्यांची नाही," सुतार म्हणाला. "माझी. फुली मी मारली होती."

"झालं सुरू! अरे, आधी पाणी पी घोटभर."

"आप्पा, मी शुद्धीत आहे."

"शुद्धीत आहेस तर गप्प बस. तू लाकडाचं बोललास की तुळई धरणाऱ्या लोखंडी कडीचं निघणार. कडी कुणाची? लोहाराची. बायका रोज कानीकपाळी ओरडत होत्या तुळई वाकलीय म्हणून. ऐकलं कुणी? मी तरी ऐकलं?"

"मग ज्यानं त्यानं आपापलं सांगावं."

लोहार जमिनीकडे बघत म्हणाला, "मोठा शहाणा लागून गेलास. एकट्याचं ओझं सगळ्यांनी उचललं तर बिघडलं कुठं?"

"उचलताय कुठं? नुसता हात लावून सोडून देताय."

पण ठरलं होतं ते ठरलं.

मेहुणा आला तो बाह्या सरसावूनच. "कुणामुळं गेली माझी ताई? नाव सांगा मला!"

आप्पा हात जोडून पुढं झाले. "आमच्या सगळ्यांमुळं, बाळा."

"माझंही चुकलं," लोहार म्हणाला. "माझंही," कुंभार म्हणाला. एक म्हातारी, जी वर्षभर उंबऱ्याबाहेर पडली नव्हती, तीही डोळे पुसत म्हणाली, "माझंच चुकलं रे लेकरा." मेहुण्याच्या मुठी सैल पडल्या. अख्ख्या गावाशी कोण भांडणार? तो मटकन खाली बसला आणि हमसून रडला.

सुतार त्याच्यासमोर जाऊन बसला. "चूक माझी आहे. एकट्याची."

"दाजी, असं जिवाला लावून घेऊ नका. इथं जो तो हेच म्हणतोय."

"ते नुसते म्हणतायत. मी खरं सांगतोय."

"हो, हो," म्हणत मेहुणा त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागला. मुलाला समजवावं तसा.

"चल, दाखवतो तुला. फुली आहे तुळईवर."

तो त्याला हाताला धरून छपरामागं, मोडकी तुळई आणून टाकली होती तिथं घेऊन गेला. तुळई तिथं नव्हती. लोहाराची बायको पाण्याच्या हंड्याखाली जाळ सारत होती.

"तुम्हाला ती बघवायची नाही, भाऊजी, म्हणून यांनी सकाळीच फोडून दिली. आलेल्या माणसांना आंघोळीला पाणी तापवलं."

सुतार वळला. लोहार मागं येऊन उभा होता.

"तू होतास त्या दिवशी. फुली पाहिलीस. सांग याला."

लोहारानं त्याच्याकडे पाहिलं, मग मेहुण्याकडे पाहिलं.

"कसली फुली?" तो म्हणाला. आणि खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "रात्रभर डोळा लागला नाही ना तुझा? जरा पड जाऊन."

निघताना मेहुणा आप्पांच्या पाया पडला. "आईला सांगतो, गाव देवमाणसांचं आहे. सगळ्यांनी चूक आपल्या माथी घेतली."

नवी तुळई सुतारानंच बसवली. धरायला अख्खा गाव आला होता. पाणी पुन्हा निघू लागलं. सासूचे निरोप येतात, जावयाला जपा, तो मनाला लावून घेतो. दोनदा तो तिच्या गावच्या वाटेला लागला. तिथं पोचून तोंड उघडलं की तीही पाठीवरून हात फिरवेल, हे डोळ्यांपुढं आलं आणि वेशीवरून माघारी फिरला.

सासूला त्यानं अजून सांगितलेलं नाही.